लेकरू बसलं की लागणारा दिवा

उस्ताद, आज सतरा तारीख, बुधवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. हात धुऊन आपल्या दारव्ह्याच्या गॅरेजात बसलोय. तुम्हाला जाऊन सहा वर्षे झाली, तरी मघाशी दिवा लागला तेव्हा तुम्हाला दाखवायला मी मागे वळलो.

सकाळी एक नर्सताई सासऱ्यांना आणि लेकराला घेऊन आल्या. नुकतीच जुनी गाडी घेतलीय. ड्युटीवर एकट्या जातात, म्हणून दहा महिन्यांचं लेकरू शेजारच्या सीटवर, मागे तोंड करून लावलेल्या बाळाच्या खुर्चीत. या गाडीत सीटच्या गादीखाली वजन ओळखणारा सेन्सर आहे. लेकरू बसलं की समोरची एअरबॅग बंद होते आणि तसा दिवा लागतो. नाहीतर धडकेच्या वेळी ती फुटून खुर्चीच्या पाठीवर, म्हणजे लेकराच्या डोक्यामागेच आदळते.

“दादा, गाडीच्या पुस्तकात दिवा लागते म्हणून लिहिलं हाय. आमचा लागतच नाही.”

सासरे हसले. “लोकं दिवा लागला म्हणून गॅरेजात येतात, आमची सून लागत नाही म्हणून आली!”

सीट सोडवली, तर खाली वायरच्या जोडावर सुती दोरा. आपल्याकडच्या उन्हात टेप सुटते म्हणून असा दोरा तुम्हीच बांधायचा, आणि तुमचं पाहून मी. आत रेझिस्टर. सीटवर कायम मोठा माणूस बसलाय, असं गाडीला वाटत राहावं म्हणून लावलेला. मग आठवलं, ही गाडी पूर्वी आपल्याकडेच आली होती. तेव्हाच्या मालकाला सीटवर पिशवी ठेवली तरी लागणारा दिवा नको होता. “उस्ताद, कंपनीनं कायले देला असन?” मी विचारतो. तुम्ही मान वर करत नाही. “गिऱ्हाईकाले नको हाय ना? मंग तू कायले वकिली करून राह्यला?” मी दोरा गुंडाळतो.

आज रेझिस्टर काढला, कंपनीचा जोड पूर्ववत केला, संगणक लावून जुनी नोंद पुसली. नववीत शाळा सुटलेल्या मी पुस्तकाचं ते पान चार वेळा वाचलं. बाळाची खुर्ची ठेवून त्यात दहा किलो तुरीची थैली बांधली. दिवा लागला! काढून पुन्हा ठेवली. लागला. अकरा वेळा केलं, अकराही वेळा लागला. मग सासऱ्यांना बसवलं, तर दिवा लागला नाही.

“म्हणजे मी अजून माणसात हाय!” ते ओरडले. शेवटी खरं लेकरू बसलं, दिवा लागला, ताईंनी टाळ्या वाजवल्या. तरी मी बजावलं, जमेल तेव्हा मागच्या सीटवरच बसवा, दिव्याच्या भरवशावर राहू नका. उस्ताद, एवढं नेटकं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

निघताना ताईंनी विचारलं, “दादा, असं कोनं करून ठेवलं होतं?”

“जुनं काम हाय,” मी म्हणालो.

दोरा मी बांधला होता. हे पत्र खरं तर ताईंना लिहायला हवं. तुम्हाला लिहिणं सोपं आहे.