घाम सुटला म्हणून

१५ जुलै
माझं सगळं फिरलं ते शनिवारी सकाळी सव्वासातला. वहिनीच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या आणि म्हणालो, अर्ध्या तासात घाम सुटंल, मग जावा.
आज ती बावधनला अॅडमिट. डोळे पिवळे. कालपासून लघवी जवळजवळ बंद. दादा तिथं, मी कपडे न्यायला घरी आलोय. जसं झालं तसं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच वेगळं सांगायला लागेन.
शुक्रवारी संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. दोन गोधड्या, वर घोंगडी, तरी दात वाजत होते. थर्मामीटर लावला, १०३. म्हणाली, "भावजी, तुमच्या दादास्नी बोलू नका. उगा ड्युटी सोडून बसतील." दादा मारुंजीतनं कंपनीची बस चालवतो. पहाटे जातो, अंधार पडल्यावर येतो.
शनिवारी सावड होती निवृत्तीनानांच्या खाचरात. भातलावणीला घरटी एक माणूस जायचा. ज्या घरचा येणार नाही त्याच्या खाचरात कुणी उतरत नाही. आमच्या घरचा माणूस मी. दादाला तसं कबूलही केलं होतं.
पण कॉलेजातल्या माझ्या तेजूनं तीन दिवस फोन उचलला नव्हता. डोकं भणभणत होतं. दहाच्या आत मारुंजीला तिची रूम गाठायची, एवढंच दिसत होतं.
वहिनीनं ओळखलं. "जावा तुमी. न्हाईतर दिसभर भांडी आपटत बसाल. म्या जाते सावडीला. पोटऱ्या तेवढ्या पिळवटत्यात, बाकी काय न्हाई."
दादाच्या पाठदुखीच्या गोळ्यांची पट्टी कपाटात होती. एक तापाची गोळी, एक त्यातली. खरंच घाम सुटला. कपाळ पुसून हसली. "डागतर झालं की आमचं भावजी."
मी गाडी काढली.

१६ जुलै
मोठ्या मॅडम राउंडला. लेप्टो म्हणाल्या. खाचरातल्या पाण्यातनं येतो, उंदराघुशींच्या मुतातनं. पायाला भेग असली की आत. आठ-दहा दिवस आधी शिरला असणार, म्हणजे आमच्याच वाफ्यात, रोपांतलं तण काढताना. शनिवारच्या चिखलातनं नाही. हे ऐकून मला बरं वाटलं, याची लगेच लाज वाटली.
मग विचारलं, "घरी काय काय दिलंत?"
"पॅरासिटामॉल."
"बस?"
"बस."
दादा शेजारीच. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ह्यो औषधाचंच शिकत व्हता मॅडम. ह्यानंच डोळं बघितलं आन् म्हनला, आत्ताच्या आत्ता चला."
ते खरं आहे. मंगळवारी मीच बघितलं. शनि, रवि, सोम काय बघत होतो ते त्यानं विचारलं नाही.

१६, परत
झोप नाही. फार्मसी सोडायच्या आधीचा माझा शेवटचा पेपर. ताप कसा येतो, स्पष्ट करा. पैकीच्या पैकी मार्क होते. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा भाग असतो, अंग किती गरम ठेवायचं ते तो ठरवतो. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी निरोप धाडतात आणि तो आकडा वर चढवतो. मग आहे ती ऊब अंगाला कमी वाटते, म्हणून थंडी. थरथरून थरथरून अंग स्वतःच गरम होतं. गरम अंगात जंतू मंदावतात आणि आपल्या पेशी जोरात चालतात. गोळी फक्त आकडा खाली आणते. घाम सुटतो. जंतू तिथंच.
सगळं पाठ होतं. दुखण्याच्या गोळीचंही पाठ होतं. अंगात पाणी कमी असताना ती किडनीला जड जाते. सरांनी दोनदा सांगितलं होतं. ज्या सरांच्या टेबलाची काच मी पुढं फोडली आणि माफी न मागता निघून आलो, तेच. ते तेजूला वर्गात बोलले म्हणून. तेजूनं माफी मागितली आणि शिकतेय.
दादाच्या पट्टीतल्या शनि दोन. रवि दोन. सोम एक. पाच दिल्या.

१७ जुलै
डायलिसिस. मानेत नळी. काचेतनं दिसली, मशीनकडं बघत होती, गिरणीत दळण घेऊन बसल्यासारखी.
ताप नाही. दादा सगळ्यांना फोनवर तेच सांगतोय, ताप उतरला, ताप उतरला.
दुपारी तेजूचा फोन. शनिवारी तिच्या रूमखाली रस्त्यावर दहा मिनिटं भेटलो होतो. मी आवाज चढवला, टेम्पोवाले बघायला लागले, ती म्हणाली घरी जा, आणि वर गेली. त्यानंतर आज. कुणाकडनं तरी कळलं असणार. तिला सगळं सांगितलं. पाच गोळ्यांसकट.
"मॅडमना सांगितलंस?"
"नाही."
"मग मला कशाला सांगतोयस?"
मी फोन कट केला. पार्किंगमधल्या बादलीला लाथ घातली. वॉचमन म्हणाला, "उठाओ।" उचलली.
खरं तर ती काहीतरी गोड बोलेल म्हणून सांगितलं होतं. वहिनी मशीनवर आणि मी...

१८ जुलै
सांगितलं. मॅडमच्या खोलीबाहेर पाऊण तास उभा होतो. दादा खाली चहाला गेला तसा आत शिरलो.
कोणती, किती, कधी, एवढंच विचारलं. लिहून घेतलं. चालू औषधांतलं एक खोडलं.
"हे परवा हवं होतं मला."
"माझ्यामुळं किती झालंय, मॅडम?"
"लेप्टोनं किती आणि गोळीनं किती, हे वेगळं काढता येत नाही."
"अंदाज?"
"नाही."
मला आकडा पाहिजे होता. निम्मं म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं.
"भावाला माहितीये?"
"नाही."
त्यांनी मान हलवली आणि पुढचा पेपर ओढला.

२० जुलै
दादा म्हणाला, घरी जा, गोठ्याचं बघ. सकाळी पोचलो तर आमच्या खाचरात माणसं. अकरा जण वाकलेली, निम्मी लावणी झालेली. कुणी बोलावलं नव्हतं. बांधावरनं म्हणालो, नाना, आत्ता कशाला, घरी कुणी नाही, भाकरीसुद्धा...
नाना म्हणाले, "तुज्या वयनीनं सावड भरलीया न्हवं? मग आज तुमची पाळी. उतर."
उतरलो. शेजारी हिराकाकू. रोपं खोचत होती. मग वर न बघता म्हणाली, "त्या दिशी सारखी पानी पानी करत व्हती. म्या म्हनलं, बाई घरला जा. तर म्हनली, भावजींनी गोळी दिलीया, उतरंल."
पलीकडच्यांनीही ऐकलं. ओळ पुढं सरकली.
संध्याकाळी पूर्ण खाचर हिरवं. तिच्या त्या दिवसावर लागलेलं. पोटऱ्या पिळवटत असताना तिनं भरलेली सावड आणि तिच्यावर मी उद्या भात खाणार.

२१ जुलै
लघवी सुरू झाली. पिशवीत तीन बोटं. दादानं नर्सला पेढा दिला, पिशवी बघून. हसलो सगळे.
वॉर्डात आणलं. मला बघून पहिलं काय, तर "म्हशीला पेंड घातली का? आन् ती तेजू काय म्हनली?"
मग मॅडम आल्या, दादाला समजावत होत्या. पाणी किती, मीठ किती. अजून एक-दोन डायलिसिस लागतील, किडनी पूर्ण भरून येते का ते काही आठवड्यांनी कळेल. आणि जाता जाता, "दुखण्याच्या गोळ्या यापुढं आपल्या मनानं अजिबात नाही."
दादा म्हणाला, "कसल्या गोळ्या?"
मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.
वहिनी म्हणाली, "तुमच्या पाठीच्या. म्याच घेतल्या. पाय लई दुकत व्हतं."
दादा भडकला. सगळ्या वॉर्डादेखत. "येडी हायेस का? घरात औषधाचं शिकल्यालं मानूस हाय, त्याला इचारायचं न्हाई? जिवावर आलं असतं ना." ती चादरीचं टोक चिमटीत धरून ऐकत होती. मी डबा धरून उभा.
दादा बाहेर गेल्यावर म्हणालो, वयनी, हे काय केलंस. इतकी वर्षं अहो-जाहो, आज एकेरी तोंडातनं गेलं.
"गप बसा. घरात तुमी दोगंच भाऊ. त्यांचा राग दिसभराचा, तुमचा वरसाचा. दोगांची जुंपली तर मदी मीच मरायची."
"मी सांगणार."
"माज्या गळ्याची आन हाय."
गळ्यात नळी होती तिथंच हात ठेवला.

२३ जुलै
दादा आंघोळीला घरी आलाय. अंगणात बसच्या काचा धुतोय, दुपारी ड्युटी. आठ दिवसांत पहिल्यांदा शीळ घालतोय.
दोन दिवस घोळतंय. शपथ पाळली तर वहिनी आयुष्यभर येडी ठरणार. पाय दुखला की दादा तेच काढणार, चारचौघांत, आणि ती चादर नाही तर पदर चिमटीत धरून ऐकणार. शपथ मोडली तर दादा काय करेल, माहीत नाही. मारेल. मारलं तर मी हात उचलायचा नाही. हेच जमेल का सांगता येत नाही. काच फोडली तेव्हाही आधी ठरवलं होतं, गप्प राहायचं.
हिराकाकूकडनं कळायच्या आत माझ्याकडनं कळावं, हाही हिशेब आहेच आत कुठंतरी. तो काढता येत नाही. वहिनीला विचारलं नाही. विचारलं तर नको म्हणेल, आणि मला बरं वाटेल.
पाण्याचा आवाज थांबला. शीळही. आता तो चहा मागेल.
चहा ठेवत नाही. जातो. दार बाहेरनं ओढून कडी घालतो, म्हणजे सांगता सांगता मधूनच परत आत यायला नको.