पाटावरचं रिव्हॉल्व्हर

साकोली
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

प्रिय गुड्डी,

पत्र बघून घाबरू नकोस, बाबा बरे आहेत. सकाळी अंगणात ऊन खात बसतात, दोन्ही वेळ जेवतात, आणि रिताच्या हातून भाजीत मीठ कमी पडलं तर अजूनही ताट सरकवतात. फोनच केला असता, पण घरात मी फोनवर मोठ्याने बोलायला लागलो की हल्ली ते उठून उभे राहतात. का, ते सांगायलाच हे पत्र आहे. शिवाय फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझा मुद्दा राहून जातो, हे तुलाही कबूल आहे. आज रिता पूजेच्या तयारीत आहे, आपल्या राईस मिलवर नव्या धानाचे ट्रॅक्टर रांगेत उभे आहेत, आणि मी ऑफिसचं दार लोटून मालकासारखा लिहीत बसलो आहे. मालक हा शब्द आत्ता सहज लिहून गेलो आणि हात थांबला.

तुला माहीत आहे, मागच्या वर्षी लाखांदूरच्या रस्त्यावर एका धान व्यापाऱ्याला अडवून लुटलं, तेव्हापासून रिता माझ्यामागे लागली होती की रोकड घेऊन फिरणं बंद करा. मी फिरणं बंद केलं नाही, रिव्हॉल्व्हरच्या लायसनचा अर्ज केला. तुझा भाऊ असाच. लायसन हातात पडलं त्या दिवशी मी पानठेल्यावर सगळ्यांना चहा पाजला होता, हे माझ्या दोस्ताने, ईश्वरने, तुला चवीने सांगितलंच असेल. मग नागपूरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काचेवर दोन रिव्हॉल्व्हर ठेवली. एक कोरं, आपल्याच देशात तयार झालेलं, स्वस्तातलं. चाप जरासा कडक, रंग थोडा काळपट, पण कामाचं. दुसरं जुनं इंग्लिश. बाहेरून नवीन आणणं केव्हाचं बंद झालं, म्हणून जे देशात आहे तेच हातोहात फिरतं आणि त्याला सोन्यासारखा भाव येतो. सोबत आलेला ईश्वर बाजारात बैलाचे दात बघावेत तसा एकेक उचलून बघत होता. तो म्हणाला, नवं घे भाऊ, शोभेचं घेऊन काय दिवाणखान्यात टांगतोस काय.

पण मी त्याचं ऐकतच नव्हतो. त्या जुन्याच्या लाकडी मुठीवर खालच्या बाजूला एक टवका उडालेला होता, आणि तो टवका मी ओळखत होतो. ते आपल्या गावच्या जमीनदारांचं, मधुकरराव मालगुजारांचं रिव्हॉल्व्हर होतं. त्यांच्या नातवाने, मनिषने, विकायला ठेवलं होतं. त्याला फ्लॅटमध्ये असली वस्तू नको होती.

तू लहान होतीस, तरी तुला आठवत असेल. बाबा याच मालकांकडे सालदार होते. वर्षाच्या बोलीवर शेत, ढोरं, तलावाच्या पाण्याची पाळी, सगळं तेच बघायचे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मालक ते रिव्हॉल्व्हर रिकामं करून बाबांच्या हातात द्यायचे. बाबा ओसरीच्या पायरीवर बसून ते तेलाच्या चिंधीने पुसायचे, इतक्या हळू, की मला वाटायचं त्याला दुखत असेल. पुसून झालं की उभं राहून, मान खाली घालून, दोन्ही हातांनी पुढे धरायचे. मग दसऱ्याला ते पाटावर जायचं, मालक त्याला टिळा लावायचे, फूल वाहायचे आणि बाबा उंबऱ्याच्या बाहेर उभे असायचे. आपण दोघं अंगणात आपट्याची पानं मुठीत धरून वाट बघायचो. पुसणारा एक आणि पूजा करणारा दुसरा, हे तेव्हा मला अजिबात खटकलं नव्हतं. नागपूरच्या त्या दुकानात, काचेवर हात ठेवून उभा असताना, एकदम खटकलं.

मी दुकानातूनच तुला फोन केला होता. मला वाटलं तू उडी मारशील. तू म्हणालीस, दादा, नवं घे. त्यांची उतरण घरात नको. मी हसलो. तुला म्हणालो, अगं उतरण काय, आता आपण मोजून घेतो आहोत, आपल्या बाबांच्या हाताने पाटावर ठेवू, टिळा तेच लावतील, बघ कसं तोंड होतं त्यांचं. तू म्हणालीस, तुला वाटतं तसं त्यांना वाटेल कशावरून? मग म्हणालीस, तुझ्या हौसेला बाबांचं नाव नको देऊ. मला राग आला. दिवाळीला मालकांच्या घरून यायचे ते विटलेले सदरे मी घातले होते, तू नव्हे, असंही मी बोललो. ते बोलायला नको होतं. त्या दोन रिव्हॉल्व्हरमधलं नवं उचललं असतं तर आज हे पत्र नसतं. मला ते जुनंच हवं होतं, आणि कशासाठी हवं होतं हे तुला दुरून फोनवर कळलं, मला तिथे उभं राहून कळलं नाही.

दसऱ्याला मी सगळं साग्रसंगीत केलं. मिलचा वजनकाटा, नट आवळायचे पाने, विळे धुऊन पाटावर मांडले. बाबांना नवं धोतर नेसवलं, पुढ्यात खुर्ची दिली. प्रितम मोबाईल घेऊन शूटिंगला उभा. तो आजकाल माझ्या प्रत्येक कार्यक्रमाची शूटिंग करतो, मीच सवय लावली आहे. मी रिकामं रिव्हॉल्व्हर बाबांच्या हातात दिलं आणि म्हणालो, ओळखता का हे? त्यांनी ओळखलं. त्यांचा अंगठा थेट त्या टवक्यावर गेला. रिताने कुंकवाची वाटी पुढे केली, पण त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही. ते खुर्चीतून उठले, दाराजवळ जाऊन जमिनीवर बसले, खांद्यावरचा नवाकोरा दुपट्टा काढला आणि त्याने पुसायला लागले. पुसून झालं तसे ते उभे राहिले, मान खाली घातली आणि दोन्ही हातांनी ते माझ्यासमोर धरलं. म्हणाले, 'घ्या मालक.'

प्रितम हसला. त्याला गंमत वाटली, आजोबा नाटक करतात असं वाटलं. मीही हसलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. टिळा शेवटी मीच लावला आणि बाबा उंबऱ्याच्या बाहेर उभे होते.

मला वाटलं त्या दिवसापुरतं असेल. नव्हतं. तेव्हापासून मी खोलीत आलो की ते उठतात. पलंगावर असले तर खाली उतरून बसतात. मला तुमी म्हणतात. रिताला ते नीट ओळखतात, प्रितमला ओळखतात, रोज तुझी चौकशी करतात. मी मिलवर असलो की रिताला विचारतात, 'कमलेश जेवला का वो?' आणि मी समोर जाऊन उभा राहिलो की त्यांना कमलेश दिसतच नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी वयाचं आहे म्हणून गोळ्या दिल्या. मी किती वेळा त्यांचा हात धरून सांगितलं, बाबा, मी कमलेश. ते घाबरतात. मालक थट्टा करतात असं त्यांना वाटत असावं. निवडणूक लागली तशी हत्यारं ठाण्यात जमा करायचा हुकूम आला. मी तर पळतच नेऊन दिलं, म्हटलं ते घरात नसलं की विसरतील. दुसऱ्याच दिवशी बाबांनी हात जोडून विचारलं, 'मालक, हत्यार कोठी गेलं? माह्यावर आळ तं नाही नं येणार?' गुड्डी, या वयात त्यांना आपल्यावर चोरीचा आळ येईल याची भीती वाटते, आणि ती भीती मी सोन्याच्या भावाने विकत आणली.

आता कालचं सांगतो. दुपारी काट्यावर गर्दी होती. बाबा घरामागच्या वाटेने एकटेच मिलपर्यंत आले. माझ्या ऑफिसच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या आणि आत न येता उभे राहिले. म्हणाले, 'मालक, एक मागणं होतं. माह्या कमलेशले ढोरामागं नोका लावू. पोट्टा शाळेत चांगला आहे. त्याच्या वाटणीचं काम मी करतो.' माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मिलच्या उद्घाटनाला मी भाषण केलं होतं, आठवतं? मालकांनी माझी हुशारी ओळखली, मला गुरं राखायला न लावता शाळेत जाऊ दिलं, असं मी माईकवर सांगितलं होतं आणि बाबा पुढच्याच रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. माझ्यासाठी ते मालकांच्या दाराशी असे उभे राहिले होते, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. हमाल बघत होते. पुन्हा एकदा मी कमलेश म्हणून सांगितलं असतं तर ते निराश होऊन परत गेले असते. म्हणून मी म्हणालो, 'जाऊ दे सुखराम, शिकू दे पोराले.' बापाला नावाने हाक मारली मी. ते माझ्या पायावर वाकले. मी मध्येच धरलं त्यांना, पण वाकले होते.

काल ते पोटभर जेवले. रिताला म्हणाले, मालक हो म्हणाले, कमलेश आला की सांगजो त्याले. ते रिव्हॉल्व्हर मी ठाण्यातून घरी आणणार नाही, दुकानदाराला विकायला सांगितलं आहे, आणि ईश्वर आता ते नवं घे म्हणतो, तेही घेणार नाही. पण त्याने काय होणार? तू तेव्हा बरोबर होतीस, हे लिहून द्यायला मी एवढी लांबण लावली नाही. तू ये. पोरांच्या परीक्षा असतील तर दोनच दिवस ये. तुला ते ओळखतात. तू त्यांच्याजवळ पलंगावर बस, मी दाराबाहेर थांबेन, मला बघून उठायला नकोत. त्यांना सांग की त्यांचा कमलेश शिकला. मी सांगितलं तर ते मालकाचं बोलणं ठरतं. त्यांना ते घरच्या कुणीतरी सांगायला हवं.

तुझाच,
सुखरामचा पोट्टा,
कमलेश