पोशाखात शिवली गेलेली आत्या

ती. दादा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण परवापासून मला कमरेत वाकता येत नाही आणि खोटं लिहायची सवय नाही, तेव्हा उभ्याउभ्या केलेला नमस्कार गोड मानून घे. (पत्रही उभ्यानेच लिहिते आहे, फ्रिजच्या डोक्यावर कागद ठेवून. फ्रिज मधूनच थरथरतो, तेव्हा एखादी ओळ हलली असेल तर मी रडते आहे असं समजू नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला थांबला का? काढा घेत नसेल तर तिने तो घेतल्याशिवाय तिच्यासमोरून हलू नकोस. मी ठणठणीत आहे. फक्त खोल श्वास घेता येत नाही, पण आमच्या ऑफिसात खोल श्वास घेण्यासारखं तसंही काही नसतं.

तू लिहिलंस की चिमणीच्या रिसेप्शनचं सगळं मी बघावं आणि काय काय केलं ते मुद्देसूद कळवावं, कारण वजनमापं खात्यात तीस वर्षं तपासनीस असलेल्या बाईच्या हातून कणभर इकडचं तिकडे होत नाही. होत नाही हे खरंच. मणभर झालं आहे. कुणीतरी तुला एक फोटो पाठवील त्याआधी माझं पत्र पोचावं म्हणून घाईने लिहिते आहे. त्या फोटोत नवरीच्या पोशाखात चिमणी नसून मी आहे, आणि शेजारी एक गृहस्थ आहेत. तो बघून तू काय म्हणशील याची मला मनापासून धास्ती वाटते. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू ‘हं’ म्हणून ठेवून देतोस आणि मग त्या ‘हं’चा अर्थ लावत मी आठवडा काढते. म्हणून सगळं क्रमाने सांगते. क्रम सोडून शेवट वाचू नकोस, तुला ती खोड आहे.

आधी हॉल. हॉल बघायला जाताना लोक झुंबरं बघतात, मी दार बघितलं. नवरीचा घेर आणि दाराची रुंदी यांचा मेळ आधी घालावा, नाहीतर मुलीला आडवी आत न्यावी लागते. मग रांग. एक पाहुणा नवरानवरीला भेटायला किती वेळ घेतो, हे कुणी मोजत नाही. मी तीन परक्या रिसेप्शनांत स्टॉपवॉच घेऊन उभी राहिले (एका ठिकाणी जेवायचा फार आग्रह झाला, जेवले). सरासरी चाळीस सेकंद. ज्यांना नवऱ्याचं लहानपण आठवतं त्यांना तीन मिनिटं. म्हणजे तीनशे पाहुण्यांना साडेतीन तास तरी लागणार आणि शेवटचे पन्नास जण उपाशी घरी जाणार. यावर उपाय असा की जेवण रांगेच्या आधी उघडावं. भरल्या पोटी माणूस फार बोलत नाही. व्यासपीठावर खुर्च्या दोनच ठेवाव्यात. जास्त ठेवल्या की त्यावर नात्यातलं कुणीतरी येऊन बसतं आणि फोटोत कायमचं राहतं. आणि तू काहीही घाल, पण तो ट्रंकेतला करडा कोट घालू नकोस. का ते तुला ठाऊक आहे.

आता पोशाख. इथे चूक तुझी आहे, हे आधीच सांगून ठेवते. चिमणीला हॉस्पिटलच्या ड्यूट्यांमधून मान वर करायला फुरसत नाही, माप द्यायला ती येणार कशी? तेव्हा तूच लिहिलंस की आत्या आणि भाची एकाच मापाच्या, तुझ्याच अंगावर शिवून घे. मी निमूटपणे गेले. शिंप्याचं दुकान औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, आत एक यंत्र, एक आरसा आणि हे गृहस्थ. वय माझ्याएवढंच. त्यांच्या तोंडात कायम टाचण्या असतात, त्यामुळे बोलत नाहीत. मी मनातल्या मनात त्यांना टाचणीवाले म्हणते. दंडाचं, खांद्याचं, कमरेचं माप झालं, त्यांनी वहीत मांडलं, आणि माझी नजर त्यांच्या टेपवर गेली.

दादा, तो टेप वीस वर्षांचा होता. कापडी. ओढून ओढून मीटरला तीन सेंटिमीटर वाढलेला. मी पर्समधून खात्याची पट्टी काढून शेजारी लावली आणि माझ्या अंगावर काटा आला. ज्या टेपने अख्ख्या शहराचे खांदे मोजले तो टेप खोटा. मी तो तिथल्या तिथे जप्त केला, लाखेचं सील लावलं आणि पावती दिली. त्यांनी तोंडातल्या टाचण्यांसकट मान डोलावली, आणि पावतीच्या मागे पेन्सिलीने एक ओळ लिहून मला परत दिली: ‘ज्या टेपनं अंग मोजतो, त्याच टेपनं कापड मोजतो. मग चूक कुठं?’

तीन दिवस मी त्या ओळीवर विचार करत होते. ऑफिसात नियमावली उघडून बसले. नियमावलीत उत्तर नाही. माणूस वीस वर्षं खोट्या टेपने खरे कपडे शिवत होता, आणि मी तीस वर्षं खरे टेप घेऊन फिरते आहे, माझा एक ब्लाउज कधी अंगाला धड बसला नाही. चौथ्या दिवशी मी स्वतःच्या हाताने शिक्का मारलेला नवा स्टीलचा टेप नेऊन त्यांना दिला. (हे कर्तव्यात बसतं. मी वाचून पाहिलं.)

आणि तिथेच घोळ झाला. माझं माप होतं जुन्या टेपचं, कापड कापलं गेलं नव्या टेपने. म्हणजे सगळा पोशाख शंभराला तीन घट्ट. इतका चोख हिशेबाचा घोळ आमच्या खात्याच्या इतिहासात झाला नसेल, आणि तो कुणा व्यापाऱ्याने नाही, मी केला. मग सुरू झाली फिटिंगं. शिवण सैल करायची, घालून बघायचं, पुन्हा सैल करायची. पोशाख कसा तपासावा तेही या निमित्ताने लिहून ठेव: नुसतं आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. त्यात बसून बघावं, जिना चढावा, दोन्ही हात वर करावेत, शिंकावं, आणि एक पूर्ण जेवण जेवावं. मी हे सगळं केलं. जेवण डब्यातून न्यायचे, आणि एकटीने जेवणं बरं दिसेना म्हणून दोन डबे न्यायचे. जेवताना ते टाचण्या काढून बशीत ठेवत. फिटिंगं सतरा झाली. सतरा कशाला लागली असं वहिनी विचारील. तिला सांग, काम नीट करायचं म्हटलं की वेळ लागतोच.

सतराव्या फिटिंगनंतर मी रंगीत तालीम ठेवली. तू हसशील, पण तराजू विकण्याआधी तपासतात, मग रिसेप्शन का नाही तपासायचं? हॉल दुपारी मोकळा होता. माझं ऑफिस, आमच्या इमारतीतले शेजारी आणि टाचणीवाले, असे साठ जण बोलावले, रांग लावून वेळ मोजायची म्हणून. नवरीच्या जागी पोशाख घालून मी. नवऱ्याच्या जागी हेडक्लार्क उभा राहणार होता, पण जेवण आधी उघडायची माझी योजना त्याने फार मनावर घेतली आणि तो ताटावरून उठेना. मी एकटीच उभी राहिले. अकराव्या पाहुण्याशी हात मिळवला आणि पाठीमागची चेन वरपासून खालपर्यंत उसळून उघडली.

टाचणीवाले खुर्च्यांच्या पहिल्या रांगेतून व्यासपीठावर कसे आले ते मला दिसलं नाही. सुई, दोरा, तोंडात टाचण्या, आणि ते माझ्या पाठीशी चिकटून उभे राहून पोशाख माझ्या अंगावरच शिवायला लागले. रांग थांबली नाही, कारण थांबायचं नाही अशी माझीच सक्त ताकीद होती. आता पाहुण्यांना काय दिसलं ते बघ. नवरीच्या पोशाखात मी, लगटून उभा एक सद्गृहस्थ, दोघांचे चेहरे लाल. बाराव्या पाहुण्याने आम्हा दोघांचं अभिनंदन केलं. मला नाही म्हणायला श्वास नव्हता आणि त्यांना नाही म्हणायला तोंड मोकळं नव्हतं. तेराव्याने मिठी मारली. शेजारच्या काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाल्या, बाई, फार उशीर केलास. फोटोग्राफर म्हणाला, एकमेकांकडे बघा. आता इतक्या लोकांसमोर त्याचा अपमान कशाला, म्हणून आम्ही बघितलं. तो हा फोटो.

(भेटी म्हणून अकरा भिंतीवरची घड्याळं आली. तालमीला भेटी आणू नयेत हे निमंत्रणात लिहायचं राहिलं. अकराही वेगवेगळी वेळ दाखवतात, आणि मला अजून एकावरही कारवाई करावीशी वाटलेली नाही.)

सगळे गेल्यावर टाचणीवाल्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या, डबीला झाकण लावलं आणि मला म्हणाले, “मॅडम, हे उसवायचं, की राहू द्यायचं?” मी म्हटलं, कळवते. हे उत्तर मी खात्याच्या पत्रांना देते.

तर दादा, तेव्हापासून मी त्या पोशाखात शिवलेली आहे. उसवावं तर कापड फाटेल आणि चिमणीच्या रिसेप्शनला आठ दिवस उरलेत. काल असाच घेर सावरत भाजीबाजारात तपासणीला गेले. मला लांबून बघून बाजाराने आपणहून वजनं खरी केली. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण कपाळाला हात लावण्यापलीकडे काही करण्याची तरतूद नियमांत नाही.

तुला ते स्थळ आठवत असेल. मी सत्तावीस वर्षांची होते. किराणा दुकानवाल्यांचं घर होतं, सगळं जुळत आलं होतं, आणि मी घरात शिरता शिरता त्यांच्या पारड्याखाली चिकटवलेला शिशाचा गोळा बघितला आणि तराजू जप्त केला. घरी आल्यावर म्हणालास, “जन्मभर लोकांची मापंच काढत बस.” मग त्या विषयावर तू एक शब्द काढला नाहीस, सव्वीस वर्षं. मी रागावलेली नाही. गोळा खरंच होता. पण तुझ्या त्या वाक्याचं वजन मी बरीच वर्षं बाळगलं, तेवढं तुला माहीत असावं. वहिनीला नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुझी धाकटी

ता. क. शिवलेली आहे हे अगदी खरं नाही. ती शिवण त्यांनी त्याच संध्याकाळी दहा मिनिटांत काढली, नवी चेन लावली, कापडाला ओरखडाही नाही. पोशाख मी रोज सकाळी आपणहून घालते. वाकताही येतं. नमस्कार उभ्याने केला तो तुझ्या डोळ्यांसमोर मान खाली घालायची नव्हती म्हणून.

दुसरा ता. क. चिमणी काल ड्यूटीवरून आली, मला चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाली, “आत्या, हा माझा नाहीच गं.” मग वाटेतल्या दुकानात शिरून वीस मिनिटांत तयार पोशाख घेऊन आली. माप न देता. खांद्यात जरा सैल आहे, पण ती त्यात शिंकते, बसते आणि खदाखदा हसते, तेव्हा तपासणीत पास. व्यासपीठावर दोनच खुर्च्या ठेवायचं मी वर लिहिलं आहे ते खोड. तिचा हट्ट आहे की चार हव्यात.

तिसरा ता. क. मी टाचणीवाल्यांना अजून ‘कळवते’च्या पुढे काही कळवलेलं नाही. तुला विचारल्याशिवाय कळवणार नाही. ट्रंकेतला तो करडा कोट तू माझ्या लग्नासाठी शिवला होतास आणि वहिनीने दर वर्षी कुणाला तरी देऊन टाक म्हटलं तरी दिला नाहीस, हे तिने मला सांगितलं आहे. तो बाहेर काढ, उन्हात घाल. ते म्हणतात, सैल करून देतील, आत कापड असतंच. उत्तरात बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल, नुसतं पोटाचं माप पाठव. सोबत टेप पाठवते आहे, सील मी काढलं आहे. तो जुनाच आहे, मीटरला तीन सेंटिमीटर वाढलेला. त्यानेच मोज. आणि मोजताना श्वास आत ओढू नकोस दादा, मला कळतं.