आल्टेनरीडच्या सभेआधी

प्लेनो, टेक्सस
१२ मार्च २०२५

ती. जगन्नाथकाकांस,

लांबूनच वाकून नमस्कार. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळून बरं वाटलं. इथे आम्ही मजेत. प्रसन्नने यंदा मागच्या अंगणात वांगी लावायचा घाट घातलाय. गेल्या वर्षी टोमॅटो मारले, आता वांग्यांची पाळी. आमची लेक अनिका शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये आली आणि अगदी तुमच्यासारखी रेफरीशी भांडते.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचारालच. तुमचा आवाज ऐकला की माझं तोंड बंद होतं, म्हणून.

तुमच्या आल्टेनरीडच्या क्लबच्या इतिहासाचं पुस्तक करायचं म्हणून मी तुम्हाला किती छळलं. एका गणिताच्या मास्तरांनी शाळेच्या व्यायामशाळेत सुरू केलेला बास्केटबॉलचा क्लब. छत इतकं ठेंगणं की उंच टाकलेला चेंडू दिव्याला लागायचा. तुम्ही जर्मनीत, गिअरच्या कारखान्यात नवे, जर्मन धड येईना, पण आकडे येतात म्हणून तुम्हाला गुणफलकावर बसवलं. मग पहिल्या लीगमध्ये चढलात, एकदा कप आणलात, पुढे दिवाळं निघालं आणि थेट चौथ्या लीगमध्ये आपटलात. परत वर येईपर्यंत काकूंनी सामन्यांना केक आणि बटाटेवडे विकले. कारखाना, बँक, शेवयांची कंपनी, ज्याने पैसा दिला त्याचं नाव क्लबला लागलं. तुम्ही मात्र कायम ‘आपला क्लब’च म्हणालात. सांगताना इतके रंगून जायचात की मध्ये बोलायचा मला धीर होत नसे.

पुस्तक देखणं झालं. क्लबमध्ये पैसा घालायला निघालेल्या आमच्या कंपनीने ते सगळ्या सभासदांना घरपोच पाठवलं. आमचं क्लबवर किती प्रेम आहे, हे पटवायलाच ते काढलं होतं.

रविवारी माझ्या बढतीचं अभिनंदन करायला तुम्ही फोन केलात. बोलता बोलता सांगितलंत की लीगमधली जागा आमच्या कंपनीच्या नावावर करायला सभासद कचरत होते, करार वकिलाला दाखवू म्हणत होते. “मग मी उठून सांगितलं, माझ्या पुतणीने शब्द दिलाय. पुढे कुणी काही विचारलं नाही.” आणि हसलात.

काका, संघ आल्टेनरीडमध्ये राहणार नाही. तुमची लीगमधली जागा घेऊन तो लांबच्या मोठ्या शहरात न्यायचा, हे पहिल्यापासून ठरलेलं आहे. गावात फक्त मुलांचे वर्ग उरतील. आणि हे मला माहीत होतं. दिवाळीत तुम्ही मला सरळ विचारलंत, “संघ इथेच राहील ना गं?” मी हो म्हटलं. मला डायरेक्टर व्हायचं होतं. याहून बरं कारण मी खूप शोधलं, मिळालं नाही.

तुमचा फोन ठेवल्यावर प्रसन्नला सगळं सांगितलं. “यार यामिनी, काकांशी?” एवढंच म्हणाला आणि अंगणात निघून गेला.

वॉशिंग मशीनची गॅरंटीसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे तुम्ही. हा करार वाचला नाहीत, कारण तो घरच्या पोरीने आणला होता. मला हेच खातंय. तुमच्या विश्वासाचा मी धंद्यासाठी वापर केला, आणि त्याची मला शरम वाटते.

सभेत करारावर मतदान २९ तारखेला आहे, म्हणून हे कुरिअरने पाठवतेय. करार वकिलाला दाखवा, सभासदांना समजावून सांगा आणि नाही म्हणा. माझी नोकरी बहुतेक जाईल. घरात तशी कल्पना देऊन ठेवलीय.

भीती वेगळीच आहे. मी तुम्हाला ओळखते. तुम्ही सभेत उठाल आणि म्हणाल, माझंच चुकलं, वय झालं, नीट समजलं नाही. माझं नाव येऊ देणार नाहीत. काका, पाया पडते, या वेळी मला पाठीशी घालू नका. परक्या गावात त्या माणसांनी तुम्हाला आपलं म्हटलं. त्यांच्यासमोर माझं खोटं तुमच्या माथी नको. ती खोटं बोलली, असं स्पष्ट सांगा.

त्यानंतर मला फोन करावासा वाटला नाही, तरी चालेल.

सभेत जिचं नाव घ्यायचं आहे ती,
तुमची पुतणी
यामिनी