शेवाळाखालचं नाव

सोमवार
"तुझ्या हातांना स्वस्थता म्हणून नाही, घरातली धूळ संपली तर शेजारून मागून आणशील," असं मावशी लहानपणी मला म्हणायची. आज सामान टेकवल्या टेकवल्या मी नव्या खोलीची खिडकी पुसायला घेतली, तेव्हा तिची आठवण आली. खिडकीतून जुनी दफनभूमी दिसते. तीच बघायला इतक्या लांब आले. माणसं आपल्या माणसांना कसा निरोप देतात हे बघत हिंडायचा माझा नाद. जेवताना घरमालक काका म्हणाले, लोक सुट्टीत समुद्र बघतात, ही बाई मढी बघते! काकू हसल्या नाहीत, पण वाढलं मात्र आग्रहानं. दोघंच असतात. घर मला फार आवडलं.

मंगळवार
दफनभूमीच्या एका कोपऱ्यात लहान मुलांच्या कबरी आहेत. सगळ्या दगडांवर जाड, हिरवं शेवाळ. इथे कुणी फिरकतच नसणार, असं वाटून जीव कळवळला. एका दगडावर शेवाळ त्यातल्या त्यात कोवळं होतं. पाणी आणलं, जुन्या टूथब्रशनं दगड घासून लख्ख केला. एका लहान मुलीचं नाव निघालं. मी ते मोठ्यानं वाचलं. बरं वाटलं.

बुधवार
सकाळी काकू दुधाचं भांडं घेऊन बाहेर पडल्या. मला वाटलं, मांजरासाठी असेल. परत आल्या त्या भिंत धरत, दूध तसंच.

दुपारी काकांनी सांगितलं. इथे मुलांच्या दगडावर दूध ओततात, शेवाळ लवकर धरावं म्हणून. नाव उघडं असेपर्यंत मूल घरी येतं, दार वाजवतं. आईनं दार उघडलं तर आईला घेऊन जातं. नाव बुजलं की वाट विसरतं. त्यांच्या लेकीचं नाव बुजायला अर्धं आयुष्य गेलं. गेल्या वर्षी कुठे दार वाजायचं थांबलं होतं. कुणी पुसलं कोण जाणे, म्हणाले.

मी खोलीत जाऊन टूथब्रश पिशवीच्या तळाशी लपवला.

गुरुवार
भर दुपारी दार वाजलं. अगदी खालून, लहान मुठीनं. काकांनी काकूंना घट्ट धरून ठेवलं. थांबल्यावर बघितलं, तर पायरीवर ओली, इवलीशी पावलं.

धावत दफनभूमीत गेले. खरवडलेलं शेवाळ गोळा करून दगडावर थापलं. चिकटेना. परत येऊन सांगून टाकलं, मीच पुसलं. काकूंनी माझं ताट वाढलं. शिव्या दिल्या असत्या तर घास तरी गिळता आला असता.

शुक्रवार
पुन्हा. आज हाकसुद्धा— आई, दार उघड. काकू म्हणाल्या, आवाज जराही बदलला नाही गं. आनंदानं म्हणाल्या. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

शनिवार
काका दूध घेऊन दगडाकडे गेलेत. मला म्हणाले, आता एवढं तरी कर, तिला दारापाशी जाऊ देऊ नकोस.

काकूंनी केस विंचरलेत. चांगले कपडे घातलेत. मी दाराला पाठ लावून बसलेय. त्या समोर उभ्या. सरक गं, म्हणतात. मायेनं म्हणतात—

दार वाजतंय. माझ्या पाठीत—

काकूंचा हात कडीवर—

आता त्या पोरीलाच विनवते, दाराच्या फटीतून. ती ऐकायची नाही. मी तिची कोण लागते? तरी—

बाळा, नाव मी उघडं केलं. मला ने. आईला राहू—