उत्कर्षा हजर आहे

३ मार्च
अखेर सोलापुरात खोली मिळाली! आता सांगोल्याकडून रोजची पहाटेची एसटी बंद. खोलीत जोडीला दिपाली, अक्कलकोटची, माझ्याच वर्गातली. तिनं आल्या आल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं केली. एसटीच्या पायी माझी हजेरी कमी पडलीय. ती भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत. आणि वर्ष गेलं तर पुन्हा मेंढरांमागे यायचं, हे आईनं बजावूनच पाठवलंय.

१० मार्च
गणवेशाच्या कारखान्यात कॉलर शिवायचं काम लागलं, तेही नेमकं इतिहासाच्या तासाला. दिपालीला म्हटलं, माझी प्रॉक्सी मार. सगळेच मारतात. वर्गात पोरं कमी आणि हजेऱ्या जास्त. सर नाव पुकारताना मानसुद्धा वर करत नाहीत. दिपाली म्हणाली, मारते की, त्यात काय!

१४ मार्च
दिपालीचा घसा बसलाय. तिच्या तोंडून शब्द फुटेना, तरी माझ्या नावाला मागच्या बाकावरून कुणीतरी 'हजर, सर' म्हणालं. आवाज थेट माझाच, असं दिपालीनं वहीवर लिहून दाखवलं. कोण का असेना, देव तिचं भलं करो.

२२ मार्च
दमून आले तर दिपाली माझं कौतुक करत बसलेली. आज वर्गात मी म्हणे काय सुरेख उत्तर दिलं! सर म्हणाले, उत्कर्षा सुधारली. मी तर मशीनवर होते. चेष्टा करतेस का विचारलं, तर तीच रागावली. तीन वर्षं सरांच्या तासाला मी बसले, तेव्हा सरांना माझं नावही ठाऊक नव्हतं. भीती नंतर वाटली. आधी संतापच आला.

२८ मार्च
काम सोडून तासाला गेले. नाव आल्यावर उभी राहून हजर म्हणाले. मागून तोच शब्द, त्याच आवाजात. सरांनी पहिल्यांदा मान वर केली. मला निरखलं आणि विचारलं, उत्कर्षाची प्रॉक्सी मारणारी तू कोण? वर्ग हसला. दिपालीसुद्धा. मागं वळून बघायचा धीर झाला नाही.

१ एप्रिल
आईला फोन केला. सगळं सांगणार होते. ती म्हणाली, आत्ताच बोललीस की, परत कशाला? लई ग्वाड झालीस गं, आधी महिना महिना फोन न्हाय तुझा. केवढी खूश होती. मी फोन ठेवून दिला.

५ एप्रिल
कॉलेजच्या ऑफिसात गेले, तर हॉल तिकीट उत्कर्षा घेऊन गेली, म्हणाले. ओळखपत्र दाखवलं — फोटोतली मी नव्हे, म्हणाले. मला तर मीच दिसते.

८ एप्रिल
दिपालीनं दारातच विचारलं, कुणाला भेटायचंय — आत माझी खाट. तिच्यावर माझी ओढणी, कुणी आत्ताच धुतल्यासारखी ओली.

११ एप्रिल
आज पेपर. दिपाली बाहेर गेली तशी खोलीत शिरलेय — जिन्यात आई. गावाहून आलीय. हाक मारतेय, उत्कर्षा, अगं उत्कर्षा —
सर चुकतील. आई नाही चुकायची. ओ द्यायला तोंड उघडलं, तोच माझ्या मागून, खाटेवरून —