उपासाच्या दिवशीची गोळी

नेपियर टाउन, जबलपूर

चि. मुरलीधर यास विनताताईचे आशीर्वाद.

तुझ्या प्रतिमाचा गुडघा कसा आहे? तुझ्या लेकीचा, ऋचाचा, खोकला गेला का? अन् तुझी छाती? मी ठणठणीत आहे, जिन्यावर तेवढं मधेच थांबावं लागतं.

प्रतिमा फोनवर म्हणाली, तू उपासाला कोलेस्टेरॉलची गोळी सोडून राहिला. काहून रे? मी वाचलं, वाईट कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतं. शरीराच्या रखवालदार पेशी ते गिळून फुगतात, अन् तिथेच दाह सुरू होतो. चांगलं कोलेस्टेरॉल त्यांचं ओझं उचलून नेतं, अन् गोळी ते वाईट कोलेस्टेरॉल कमी ठेवते.

उपास तुझा असतो, त्या पेशींचा नसतो. गोळीनं देव रागावणार नाही, मी मात्र न घेतल्यास रागावेन.

येत्या एकादशीला गोळी घे, अन् लगेच मला दोन ओळी लिही.

तुझी ताई